एक खेळ आणि चार यंत्रें

प्रभात फिल्म कंपनीनें १९३२ सालीं ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट मराठी व हिंदी अशा दोन भाषांत काढला, हें बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. पुढच्याच वर्षीं कंपनी कोल्हापूर सोडून पुण्यास आली, आणि ‘अमृतमंथन’, ‘कुंकू’, ‘माणूस’ हे बोलपटहि याच रीतीनें दोन भाषांत निघाले. देखावे तेच, वेषभूषा तीच, पुष्कळसे नटहि तेच. प्रसंग मात्र दोनदां चित्रित करावयाचा. पहिल्या भाषेवर होणाऱ्या खर्चाच्या मानानें दुसरीचा खर्च थोडा, आणि तिची बाजारपेठ कितीतरी पटींनीं मोठी. मराठी बोलपटाला मोठें भांडवल सोसलें तें पुष्कळ अंशीं या हिशेबामुळें, असें आमचें मत आहे.

आज त्याच पुण्यांत व्हिडिओ खेळ रचणाऱ्या मंडळींपुढें हाच हिशेब निराळ्या रूपानें उभा आहे. तेथें दोन भाषांच्या जागीं तीन-चार यंत्रें आहेत. घरच्या टेलिव्हिजनला जोडून खेळावयाच्या यंत्रास कन्सोल म्हणतात. एका कन्सोलसाठीं रचलेला खेळ दुसऱ्यावर आपोआप चालत नाहीं. तो त्या यंत्राच्या शक्तीस व हातांत धरावयाच्या कळांस जुळवून पुन्हां बसवावा लागतो. यास धंद्यांत ‘पोर्ट’ करणें म्हणतात. बोलपटाची उपमा येथवर बरी चालते. पुढें मात्र ती लंगडी पडते, आणि या धंद्याचा सारा इतिहास त्या लंगडेपणांतच आहे. प्रभातला हिंदींत बोलण्यासाठीं कोणाचा परवाना काढावा लागला नाहीं, कीं हिंदी भाषेच्या मालकास तिकिटामागें कांहीं मोजावें लागलें नाहीं. कन्सोलला मालक असतो, आणि त्याचा जकातनाका चुकवून पुढें जातां येत नाहीं.

हा नाका प्रथमपासून नव्हता. अमेरिकेंत अटारी कंपनीनें १९७७ सालीं आपलें प्रसिद्ध यंत्र विक्रीस आणलें, तेव्हां त्यावरील खेळ आपणच काढावयाचे असें ती गृहीत धरून चालली होती. १९७९ सालीं तिचेच चार प्रोग्रॅमर बाहेर पडले, त्यांच्या सहभागानें ॲक्टिव्हिजन ही कंपनी उभी राहिली, आणि अटारीच्या यंत्रावर परक्याचे खेळ चालूं लागले. अटारीनें न्यायालय गांठलें, पण शेवटीं तडजोडच झाली. मग काय विचारतां! ज्याला त्याला खेळ काढण्याचा सोस लागला, दुकानें टाकाऊ मालानें भरलीं आणि १९८३ सालीं अमेरिकेंतील बाजार कोसळला.

यावरून निन्टेंडो या जपानी कंपनीनें जो धडा घेतला तो मोठा धूर्तपणाचा होता. १९८५ सालीं तिचें यंत्र अमेरिकेंत आलें, त्यांत एक कुलूपवजा चकती बसविलेली होती. जोडीची चकती ज्या खेळांत असेल तोच यंत्र चालूं देई. परवाना घेणाऱ्यानें वर्षाला पांचच खेळ काढावे, तो खेळ दोन वर्षें दुसऱ्या कोणत्याहि कन्सोलवर नेऊं नये, आणि काडतुसें निन्टेंडोकडूनच करवून घ्यावीं, त्यांचे पैसे आगाऊ भरावे, अशा अटी होत्या. माल विकला न गेला तर बुडे तो खेळ काढणारा. निन्टेंडोचें येणें आधींच पदरांत पडलेलें असे. पोर्ट करण्याचा खर्च कितीहि कमी असला तरी करारानेंच दुसऱ्या यंत्राचा दरवाजा बंद होता.

या सत्तेला चाट देण्याचा एक प्रयत्न मोठा मौजेचा आहे. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीनें सेगाचें मेगा ड्राइव्ह हें यंत्र परवान्यावांचून उलगडलें, त्याचें अंतरंग स्वतःच शोधून काढलें, आणि १९९० सालीं सेगाच्या पुढ्यांत तें ज्ञान ठेवून सौदा केला. बिनपरवाना खेळ निघण्यापेक्षां कमी दरानें परवाना दिलेला बरा, असा विचार सेगानें केला. पुढें १९९४ सालीं सोनीच्या प्लेस्टेशननें महागड्या काडतुसाऐवजीं स्वस्त तबकडी आणली, तेव्हां खेळ काढणाऱ्यांचा आगाऊ पैशाचा भार पुष्कळच हलका झाला. ‘फायनल फँटसी’ ही नामांकित मालिका १९९७ सालीं निन्टेंडोचें घर सोडून तेथें गेली, तिच्या या स्थलांतरास तबकडीचें मोठें कारण होतें.

परवान्याचा जाच सैल झाला तरी यंत्रांतील भेदाचा खर्च उरलाच. २००६ सालच्या प्लेस्टेशन ३ मधील ‘सेल’ नांवाचा प्रोसेसर इतका विलक्षण होता कीं, इतरत्र सुरळीत चालणारा खेळ तेथें अडखळे. २०१३ सालीं सोनी व मायक्रोसॉफ्ट या दोघांच्याहि कन्सोलांत एकाच ए.एम.डी. कंपनीचे, संगणकाच्या जातीचे प्रोसेसर आले. शिवाय अनरिअल, युनिटी यांसारखीं तयार इंजिनें वापरून खेळाचा सांगाडा एकदांच बांधतां येऊं लागला. लहान कारखान्याला कन्सोलचें दार उघडलें तें या दोन गोष्टींनीं. नाका मात्र कायम आहे: कन्सोलवरील डिजिटल दुकानांत शंभरांतले तीस रुपये दुकानाच्या मालकाचे, हा रिवाज पडला.

हिंदुस्थानांत हीं यंत्रें महाग, म्हणून थोड्या घरांत. २००९ सालीं हैदराबादेंत तयार झालेला ‘हनुमान: बॉय वॉरियर’ हा खेळ प्लेस्टेशन २ साठीं निघाला, तिसरें प्लेस्टेशन त्याआधींच आलेलें होतें, पण आमच्या मध्यमवर्गाला परवडे तें जुनेंच. पुण्याचें काम वेगळ्या वाटेनें सुरू झालें. फ्रान्सच्या युबिसॉफ्टची शाखा येथें २००८ पासून काम करूं लागली, आणि परदेशीं कल्पिलेले खेळ यंत्रायंत्रांवर बसविण्याच्या कामांत येथील तरुण तरबेज झाले. कसब येथलें, कथा दुसऱ्याची. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या नव्या आवृत्तीचें काम पुणें व मुंबई येथील शाखांकडे आलें होतें, २०२२ सालीं तेंहि माँट्रिऑलकडे नेण्यांत आलें.

या पार्श्वभूमीवर नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या लहानशा कारखान्याचा ‘राजी’ हा खेळ पाहावा. हरवलेल्या भावाच्या शोधास निघालेली मुलगी, तिच्या हातीं दुर्गेनें दिलेला त्रिशूळ, भोंवतीं राजस्थानी वाडे आणि पहाडी चित्रांचे रंग. २०१७ सालीं लोकवर्गणीनें पैसा उभारण्याचा यत्न फसला, पुढें सुपर.कॉम हा परदेशी प्रकाशक मिळाला. १८ ऑगस्ट २०२० रोजीं निन्टेंडोनें आपल्या कार्यक्रमांत त्याची घोषणा केली आणि त्याच दिवशीं तो स्विच यंत्रावर विक्रीस आला. प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन व संगणक यांवर तो ऑक्टोबरांत गेला. स्विच हें या चौघांत दुबळें. तेथें चित्रांतील तपशील छाटावा लागतो. तरीहि पहिला मान त्यालाच, कारण जाहिरातीस पैसा नसलेल्या कारखान्याचें नांव यंत्राच्या मालकानें स्वतःच्या व्यासपीठावरून पुकारावें, याहून मोठी जाहिरात कोणती? दोन महिन्यांच्या एकनिष्ठेची ही किंमत आम्हांला वाजवी वाटते. निन्टेंडो पूर्वीं दोन वर्षें मागत असे.

त्या वेळीं निन्टेंडोची भारतांत अधिकृत विक्री नव्हती. पुण्यांत घडलेला खेळ पुणेकराला पहिल्या दिवशीं खेळावयाचा तर परदेशांतून आलेलें यंत्र हुडकावें लागे. गिऱ्हाईक परदेशीं, म्हणून राजीची कथाहि प्रथम इंग्रजींत सांगितली गेली; प्रभातचा क्रम येथें उलटा झाला. हिंदी संवाद आले ते २०२२ सालच्या सुधारलेल्या आवृत्तींत.