रूपाभवानीकडची शिंदी

पुण्याला भाच्याकडे गेले होते. त्याने मोठ्या हौसेने एका ठिकाणी नेलं, जिथे बिअर तिथेच बनवतात आणि तिथेच पाजतात. छोटा पेला पुढे ठेवून म्हणाला, "मावशी, ही दीड वर्ष ओकच्या पिंपात मुरलीय. घोटभर घेऊन तर बघ."

"परवाना आहे का रे?" मी विचारलं. १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात अजून लागू आहे आणि पिणाऱ्याला परवाना लागतो, हे सोलापुरात तीस वर्षं इतिहास-नागरिकशास्त्र शिकवलेल्या बाईला ठाऊक असणारच. तो हसला. मी घोट घेतला.

आधी ओल्या गोणपाटाचा वास आला, मग कच्ची कैरी चावल्यासारखे दात आंबले, आणि मागून लाकूड. "कशी आहे?" "शिंदीसारखी," मी म्हटलं. त्याला वाटलं मी नावं ठेवली.

नावं कसली ठेवते! आमच्या आजोबांच्या पितळी पेल्यात बोट बुडवून मी ती चव घेतली होती, सात-आठ वर्षांची असताना. आजोबा सोलापूरच्या जुन्या मिलच्या विणकाम खात्यात. पगाराच्या दिवशी भोंगा झाला की त्यांचे पाय आधी शिंदीखान्याकडे वळायचे, मग घराकडे. आजीचा त्यावरचा अभिप्राय इथे छापण्यासारखा नाही.

शिंदी म्हणजे रानखजूर. ओढ्याकाठी, पडीक रानात आपोआप वाढणारं झाड. थंडीत शेंड्याखाली खोड तासतात, खाली मडकं बांधतात. एका वर्षी या अंगाला खाच, तर पुढच्या वर्षी त्या अंगाला. म्हणून जुन्या झाडाचं खोड नागमोडी दिसतं. पहाटे उतरवलेला रस गोड, ती नीरा. ती टिकावी म्हणून मडक्याला आतून चुना लावतात. चुना नसला की ऊन चढता चढता फेस येतो आणि संध्याकाळपर्यंत शिंदी तयार. विरजण कुणी घालत नाही. हवेतलं, झाडावरचं, आदल्या दिवशीच्या मडक्यातलं यीस्ट साखरेची दारू करतं आणि दह्यातले असतात तसले जंतू तिला आंबट करतात. दुसऱ्या दिवशी तिचा सिरका व्हायला लागतो.

ब्रसेल्सच्या आसपास लँबिक नावाची बिअर याच तत्त्वावर करतात. तीही थंडीतच. धान्याचा उकळलेला रस रात्रभर उथळ, पसरट भांड्यात उघडा ठेवायचा, हवेतलं जे पडेल ते पडू द्यायचं, मग एक ते तीन वर्षं लाकडी पिंपात. भाच्याचा पेला त्याच घराण्यातला. फरक वेळेचा आणि किमतीचा. तिकडे तीन वर्षांच्या आंबटपणाला मान. आमच्या एका दिवसाच्या आंबटपणाला शिवी.

सरकारला मात्र या शिवीतून पैसा मिळत होता. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने झाड तासायलाही परवाना आणि वर कर लावला. पुढे इलाख्याच्या तिजोरीत जमीनमहसुलाच्या खालोखाल भर अबकारीचीच. म्हणून १९३० च्या सत्याग्रहात मिठाबरोबर शिंदीची झाडंही आली. झाड पाडलं की व्यसनावर घाव आणि तिजोरीवरही.

५ मे १९३० ला गांधीजींना अटक झाली. सोलापुरात हरताळ पडला, गिरण्या ओस पडल्या. ८ मे रोजी जमाव रूपाभवानीच्या देवळाकडच्या शिंदीबनात झाडं तोडायला गेला. पोलिसांनी काहींना धरलं, लोक त्यांना सोडवायला अडून बसले, कलेक्टर नाइट आले आणि गोळीबार झाला. शंकर शिवदारे हा तरुण गेला. चवताळलेल्या लोकांनी मंगळवार पेठेतली पोलीस चौकी जाळली, दोन पोलीस मेले. पुढचे काही दिवस शहरात इंग्रजांचा अंमल नव्हताच; १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला. चौकीच्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली.

हे सगळं मी दरवर्षी शिकवलं. शिंदी तेवढी एका वाक्यात यायची आणि पडायची. एका मुलीने विचारलं होतं, "बाई, शिंदी गोड असते की कडू?" मी तिला तारखांकडे वळवलं. आज ते खटकतं.

आजोबा तेव्हा पंचविशीत होते. तुम्ही गेला होतात का झाडं तोडायला, असं विचारलं की म्हणत, "मी तिकडं प्यायला जायचो. तोडायला कशाला जाऊ?" त्यांची लाज वाटायचं माझं वय होतं तेव्हा. आता त्या उत्तरात मला गावाचा अर्धा इतिहास दिसतो, पाठ्यपुस्तकात न आलेला. तरी आजीची बाजूही खोटी नव्हती. पगार तिच्या हातात पडेपर्यंत अर्धा झालेला असायचा.

आता ताडी-शिंदीच्या नावाखाली क्लोरल हायड्रेट कालवलेलं पाणी पकडल्याच्या बातम्या येतात. त्यात झाडाचा थेंब नसतो. ते विष आहे आणि त्याची हळहळ करण्याचं कारण नाही.

भाच्याचा पेला मी अर्धाच घेतला; उरलेला त्याने संपवला. सोलापूरला परतले ती दिवाळीच्या तोंडावर. मधल्या मारुतीपाशी लक्ष्मीपूजनाला केरसुणी घेतली. पाती शिंदीचीच होती.