हाय-एंड ऑडिओ केबल : नव्या आवृत्त्या आणि ग्राहकनिष्ठा

घरगुती ध्वनियंत्रणेतील अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर, टर्नटेबल, सीडी प्लेअर इत्यादी यंत्रे एकमेकांना जोडणाऱ्या, साध्या तारेच्या अनेकपट किमतीच्या केबलींचा वर्ग. स्पीकर केबल, यंत्रायंत्रांमधील इंटरकनेक्ट, वीजपुरवठ्याची पॉवर कॉर्ड आणि यूएसबी, एचडीएमआय यांसारख्या डिजिटल केबली हे या वर्गाचे मुख्य प्रकार. नीट वापरलेली केबल वर्षानुवर्षे टिकते. त्यामुळे एकदा केबल घेतलेल्या ग्राहकाला पुन्हा दुकानात आणण्यासाठी उत्पादक नव्या आवृत्त्या काढतात. या व्यवसायातील ग्राहकनिष्ठा अशा बदलांवर उभी आहे. मुंबईत याच तारेचा दुसरा, जुना व्यवहार लॅमिंग्टन रोड, लोहार चाळ आणि लालबाग-परळच्या साउंडवाल्यांमध्ये चालतो. तिथली निष्ठा नेमकी उलट कारणाने, म्हणजे माल न बदलल्यामुळे टिकते.

तांत्रिक पाया : स्पीकर केबलीच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा गुणधर्म म्हणजे रोध. २.५ चौ. मिमी छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ७ ओहम असतो. तीन मीटर केबलीत जाणारी व येणारी मिळून सहा मीटर तार असते आणि तिचा रोध ०.०४ ओहमच्या आसपास भरतो. ८ ओहमच्या स्पीकरवर यामुळे होणारी घट सुमारे ०.०५ डेसिबल, म्हणजे ऐकून न कळण्याइतकी. हेच अंतर १५ मीटर आणि तार ०.७५ चौ. मिमीची असेल तर घट पाऊण डेसिबलपर्यंत जाते. शिवाय स्पीकरचा अवरोध कंप्रतेनुसार कमीजास्त होत असल्याने लांब व बारीक तारेमुळे आवाजाचा समतोलही बिघडतो. चांदीची वाहकता तांब्यापेक्षा सुमारे ६ टक्क्यांनी जास्त आहे; तेवढा लाभ किंचित जाड तांब्याची तार घेऊनही मिळतो. गिरगावच्या चाळीतील दहा बाय बाराच्या खोलीत स्पीकर केबल क्वचितच तीन मीटरांपुढे जाते. साहजिकच महाग तारेच्या बाजूने विद्युत्‌शास्त्राला सांगता येण्याजोगे तिथे फार थोडे उरते.

उदय व वाद : १९७० च्या दशकापर्यंत स्पीकरला साधी दिव्याची तार जोडली जाई. त्या दशकाच्या अखेरीस नोएल ली यांनी अमेरिकेत मॉन्स्टर केबल बाजारात आणून तारेला स्वतंत्र, नाव असलेल्या वस्तूचा दर्जा मिळवून दिला. १९८० मध्ये विल्यम लो यांची ऑडिओक्वेस्ट कॅलिफोर्नियात सुरू झाली. पुढे नॉर्डोस्ट, ट्रान्स्परंट आदी कंपन्या आल्या. १९८३ मध्ये ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ या अमेरिकी मासिकाने केबलींची तुलनात्मक श्रवणचाचणी छापली. अगदी बारीक तारेतला फरक त्यात काही ध्वनींच्या वेळी ओळखू आला. पण साधी जाड तार आणि महाग तार यांच्यातला फरक संगीत ऐकताना खात्रीने सांगता आला नाही. २००७ मध्ये अद्भुत दाव्यांची परीक्षा घेणारे जादूगार जेम्स रँडी यांनी पेअर कंपनीच्या ७,२५० डॉलरच्या स्पीकर केबलीतला फरक न बघता ओळखून दाखवणाऱ्याला दहा लाख डॉलरचे बक्षीस देऊ केले. ती चाचणी प्रत्यक्षात झालीच नाही.

आवृत्तिबदलाच्या पद्धती : पहिली पद्धत शिडीची. ऑडिओक्वेस्टच्या यूएसबी व एचडीएमआय केबलींच्या एका मालिकेत फॉरेस्ट, सिनॅमन, कार्बन, कॉफी आणि डायमंड या पायऱ्यांवर चांदीचे प्रमाण अनुक्रमे ०.५, १.२५, ५, १० आणि १०० टक्के असे चढत जाई. खालच्या पायरीवरच्या ग्राहकाला पुढची पायरी सतत डोळ्यांसमोर दिसते. दुसरी पद्धत त्याच नावापुढे आकडा लावण्याची. नॉर्डोस्टच्या ‘व्हालहाला’नंतर ‘व्हालहाला २’ आणि ‘ओडिन’नंतर ‘ओडिन २’ आली. तिसऱ्या पद्धतीत बदल बाहेरून, तांत्रिक मानकांमधून येतो. २०१३ च्या एचडीएमआय २.० मानकात सेकंदाला १८ गिगाबिट वहन अपेक्षित होते, २०१७ च्या २.१ मध्ये ते ४८ गिगाबिट झाले. नव्या मानकाचे चित्र व ध्वनी पूर्ण क्षमतेने हवे असतील तर जुनी केबल खरोखर अपुरी पडू शकते. पहिल्या दोन पद्धतींतल्या बदलाला असे बाहेरचे मोजमाप नसते.

निष्ठा टिकवण्याची साधने : जुनी केबल परत घेऊन तिची किंमत वरच्या मॉडेलमध्ये वळती करणे हे सर्वांत प्रभावी साधन आहे. ट्रान्स्परंट कंपनीची अशी योजना प्रसिद्ध आहे. यात ग्राहकाचा आधीचा खर्च वाया जात नाही. मात्र तो खर्च त्याच कंपनीत अडकून राहतो. दुसरे साधन संपूर्ण संचाचे. सगळ्या केबली एकाच घराण्याच्या असाव्यात असा सल्ला दिला जातो, त्यामुळे एक केबल बदलली की उरलेल्यांचा प्रश्न उभा राहतो. तिसरे ‘बर्न-इन’चे. नवी केबल शंभर-दोनशे तास वाजल्यावर खुलते असे सांगितले जाते. तारेत मोजता येण्याजोगा असा बदल दिसत नाही, पण तेवढ्या अवधीत कान नव्या आवाजाला सरावतो आणि माल परत करण्याची मुदतही बहुधा सरते.

या साधनांची दुसरी बाजूही आहे. आवृत्ती वारंवार बदलली की जुनीची पुनर्विक्रीची किंमत उतरते. काल ‘सर्वोत्तम’ म्हणून विकलेली वस्तू आज दुय्यम ठरल्याने ग्राहकाचा कंपनीच्या शब्दावरचा विश्वास कमी होतो. असा ग्राहक कंपनी सोडतो, किंवा केबलीच्या नादातूनच बाहेर पडतो.

मुंबईतील बाजार : ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड (अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्या नावाने ओळखला जातो. शहरातील इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांची ही प्रमुख पेठ. इथे स्पीकर वायर मीटरवर मिळते, आरसीए आणि बनाना पिना वेगळ्या घेता येतात आणि हव्या त्या लांबीची केबल सोल्डर करून घेता येते. क्रॉफर्ड मार्केटजवळची लोहार चाळ ही विजेच्या सामानाची घाऊक पेठ. आजच्या पॉलिकॅब उद्योगाचे मूळ १९६४ मध्ये इथे सुरू झालेल्या सिंध इलेक्ट्रिक स्टोअर्समध्ये आहे.

१९९१ पूर्वी आयातीवर कडक निर्बंध असल्याने परदेशी केबल परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या सामानातून किंवा हाजी अलीच्या हिरा पन्नासारख्या ‘फॉरेन’ मालाच्या बाजारातून येई. आता ती अधिकृत विक्रेत्यांकडे मिळते. पण सीमाशुल्क आणि १८ टक्के वस्तू व सेवा कर यांमुळे मूळची चढी किंमत आणखी वाढते.

समुद्राकाठच्या दमट, खाऱ्या हवेचा परिणाम इथे वेगळा विचारात घ्यावा लागतो. उघडे तांबे हिरवट पडते, चांदी काळवंडते, पिनांवर थर चढून खरखर येते. केबल ‘थकली’ असे वाटते तेव्हा दोष बहुधा टोकाला असतो. पिन साफ करून किंवा नवी बसवून तो जातो. संपूर्ण केबल बदलावी लागत नाही.

व्यावसायिक वापर : लालबाग-परळच्या गणेशोत्सवाला ध्वनिव्यवस्था पुरवणारे साउंडवाले, दादरचे शिवाजी मंदिर किंवा गिरगावचे साहित्य संघ मंदिर यांसारखी नाट्यगृहे आणि ध्वनिमुद्रण स्टुडिओ यांना केबल गुंडाळता-उलगडता येणारी, पायाखाली येऊनही टिकणारी आणि तुटल्यास जागच्या जागी दुरुस्त होणारी लागते. बेल्डन, कॅनारे, मोगामी या कंपन्यांच्या काही केबली याच कारणाने दशकानुदशके त्याच क्रमांकाने विकल्या जात आहेत. पाच वर्षांनी घेतलेला तुकडा आधीच्या तुकड्यासारखाच असणार, ही खात्री व्यावसायिक ग्राहकाला त्या कंपनीशी बांधून ठेवते. घरगुती महाग केबलीच्या बाजारात त्याच खात्रीची जागा उत्सुकतेने घेतली आहे.

ग्राहकसंरक्षण : ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण कारवाई करू शकते, जाहिरात क्षेत्राची स्वनियमन संस्था (ॲस्की) १९८५ पासून काम करते. मात्र ‘उबदार’, ‘मोकळा’, ‘खोल’ या विशेषणांना मोजपट्टी नसल्याने असे दावे कायद्याच्या कक्षेत सहजी येत नाहीत. त्यामुळे खरेदीपूर्वीची पडताळणी ग्राहकावरच येते. तुलनेतल्या दोन्ही केबलींची लांबी सारखी ठेवणे, आवाजाची पातळी मोजून जुळवणे आणि कोणती केबल जोडली आहे हे ऐकणाऱ्याला न सांगणे या तिच्या तीन अटी. पातळी जुळवणे सर्वांत महत्त्वाचे, कारण जरासा मोठा आवाज कानाला बहुधा अधिक चांगला वाटतो.