ओव्हरक्लॉक केलेला कॉम्प्युटर सारखा बंद पडतो? दोष नेमका कुठे आणि कसा शोधायचा?

गेम सुरू करून वीस मिनिटे झाली की निळी स्क्रीन येते. कधी तीही येत नाही, कॉम्प्युटर सरळ रीस्टार्ट होतो. कधी ब्राउझरचे टॅब एकामागून एक कोसळतात, तर कधी काल व्यवस्थित उघडलेली झिप फाइल आज खराब असल्याचा संदेश येतो. अशा वेळी बहुतेक जण आधी विंडोजला दोष देतात, मग ग्राफिक्स कार्डाला. प्रोसेसरचा किंवा रॅमचा वेग वाढवून ठेवला आहे, हे फार उशिरा आठवते.

काहींना तर ते ठाऊकही नसते. रॅमच्या खोक्यावर ‘डीडीआर५ ६०००’ असे छापलेले असते, पण मदरबोर्डवर बसवल्याबरोबर ती त्या वेगाने चालत नाही. त्यासाठी बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो नावाचे प्रोफाइल सुरू करावे लागते. पुष्कळदा दुकानदारच कॉम्प्युटर जोडून देताना ते सुरू करून देतो. हेही ओव्हरक्लॉकिंगच आहे. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या डेस्कटॉप प्रोसेसरसाठी अधिकृत मर्यादा डीडीआर५ ५२०० इतकी आहे आणि रॅमच्या चार पट्ट्या बसवल्या तर ती ३६०० वर येते. त्यामुळे ‘मी काहीच ओव्हरक्लॉक केलेले नाही’ या वाक्यावर बायोस उघडून पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नये.

वेग वाढवला की काय होते?

५ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर सेकंदाला ५ अब्ज ठोके घेतो. म्हणजे एका ठोक्याला ०.२ नॅनोसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात विजेचा संकेत ट्रान्झिस्टरच्या साखळीतून पार होऊन शून्य किंवा एक म्हणून स्थिर व्हायला हवा. वेग वाढवला की ही मुदत कमी होते. संकेत उशिरा पोहोचला, तर एकाच्या जागी शून्य वाचले जाते आणि पुढचे सगळे गणित चुकते.

व्होल्टेज वाढवले की ट्रान्झिस्टर लवकर बदलतात, म्हणून ओव्हरक्लॉक करणारे व्होल्टेज चढवतात. पण विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १.२५ व्होल्टचे १.३५ केले, तर वेग तोच ठेवूनही उष्णता साधारण १७ टक्क्यांनी वाढते. आणि चिप जास्त तापली, की तोच वेग टिकवणे तिला अवघड जाते.

एकाच मॉडेलच्या दोन चिपाही सारख्या नसतात. १९९८ मध्ये आलेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए याच कारणाने गाजला. बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेला, की ३०० मेगाहर्ट्झचा हा स्वस्त प्रोसेसर ४५० वर चाले. बहुतेकांचा चालला, काहींचा चालला नाही. म्हणून यूट्यूबवर पाहिलेले आकडे जसेच्या तसे बायोसमध्ये भरणे हा जुगार आहे. त्या माणसाची चिप वेगळी, कूलर वेगळा आणि खोलीही वेगळी.

कॉम्प्युटर बंद पडणे हा यातला कमी नुकसानीचा प्रकार आहे. खरी भीती न दिसणाऱ्या चुकीची. डिस्कवर लिहिली जाणारी प्रत्येक फाइल आधी रॅममधून जाते. तिथे एक बिट उलटला, तर लग्नाचा फोटो किंवा दुकानाचा हिशेब चुकीचाच साठवला जातो, आणि पुढे बॅकअपमध्येही तोच जातो. कुणाला कळायला कधी कधी महिने जातात.

आधी मूळ वेगावर या

पहिले काम म्हणजे बायोसमध्ये जाऊन ‘लोड ऑप्टिमाइझ्ड डिफॉल्ट्स’ हा पर्याय निवडणे. प्रोसेसरचा वाढवलेला वेग, रॅमचे प्रोफाइल आणि ग्राफिक्स कार्डाच्या सॉफ्टवेअरमधले बदल हे सगळे काढायचे. मग महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यायची. हा क्रम उलटा करू नये, कारण अस्थिर मशीनवर घेतलेली प्रतही बिघडू शकते. त्यानंतर दोनतीन दिवस नेहमीसारखे काम करायचे. त्रास थांबला, तर ओव्हरक्लॉकच कारण आहे. तरीही चालूच राहिला, तर शोध वेगळ्या दिशेने जातो. ती दिशा शेवटी पाहू.

कॉम्प्युटर बायोसपर्यंतही पोहोचत नसेल, तर मुख्य वायर काढून मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल काही मिनिटे बाहेर ठेवावा. त्याने बायोस मूळ स्थितीत येते. डीडीआर५ असलेल्या मशीनवर यानंतर स्क्रीन कित्येक मिनिटे काळी राहू शकते, कारण मदरबोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. याच वेळी घाबरून अनेक जण पुन्हा सेल काढतात आणि ते काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. चहा करून यावा, तोवर होते.

रॅमपासून सुरुवात

यानंतर एका वेळी एकच गोष्ट वाढवायची आणि तपासायची. हे कंटाळवाणे आहे, पण दुसरा मार्ग नाही. प्रोसेसर आणि रॅम एकदम वाढवून मशीन बंद पडले, तर दोष कुणाचा हे सांगता येत नाही.

रॅम आधी तपासावी, कारण ती बिघडलेली असताना बाकीच्या सगळ्या चाचण्या फसवतात. मेमटेस्ट८६ हे साधन पेन ड्राइव्हवरून, विंडोज सुरू न करता चालते. रात्री लावून सकाळी निकाल पाहायचा. ‘फक्त दोनच एरर आल्या’ असे समाधान इथे चालत नाही. एक एरर आली तरी ते सेटिंग नापास. मग वेग ६००० वरून ५६०० वर आणून पुन्हा चाचणी. तरीही एरर येत असतील, तर एकेक पट्टी वेगळी लावून पाहावी. दोनच पट्ट्या असतील, तर त्या बहुतेक मदरबोर्डवर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या असतात. पहिल्या दोन खाचांत बसवलेली रॅम हा नेहमी सापडणारा आणि फुकटात सुटणारा दोष आहे.

इथे बायोस अद्ययावत आहे का, हेही पाहावे. २०२३ मध्ये काही रायझन ७०००एक्सथ्रीडी प्रोसेसर जळाल्याच्या तक्रारी आल्या. एक्स्पो सुरू केल्यावर काही मदरबोर्ड एसओसी व्होल्टेज प्रमाणाबाहेर नेत होते. एएमडीने नंतरच्या बायोसमधून ते १.३ व्होल्टवर मर्यादित केले. जुन्या बायोसवर ती मर्यादा नसते.

प्रोसेसर : पूर्ण भारावर पास, रिकामा असताना नापास

प्रोसेसरच्या चाचणीसाठी प्राइम९५ वर्षानुवर्षे वापरले जाते. मर्सेन प्रकारच्या प्रचंड मूळ संख्या शोधण्याच्या, १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘गिंप्स’ प्रकल्पाचा हा प्रोग्रॅम. त्याला उत्तर आधीच माहीत असते, त्यामुळे मशीन बंद न पडताही चुकीचे गणित उघड होते. ‘राउंडिंग वॉज ०.५, एक्स्पेक्टेड लेस दॅन ०.४’ असा संदेश येऊन एखादा वर्कर थांबला, तर प्रोसेसर किंवा रॅम चुकत आहे, बाहेरून सगळे ठीक दिसले तरी. यातली ‘स्मॉल एफएफटी’ चाचणी प्रोसेसरला तापवते, तर ‘ब्लेंड’ रॅमलाही कामाला लावते. चाचणी चालू असताना एचडब्ल्यूइन्फो उघडे ठेवून तापमान पाहावे. रायझन ७००० चे बरेचसे प्रोसेसर ९५ अंशांवर आणि इंटेलचे अलीकडचे प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास स्वतःच वेग कमी करतात. तिथे पोहोचणारे मशीन ओव्हरक्लॉक करण्यात अर्थ नाही. आधी कूलर, थर्मल पेस्ट आणि जाळीत अडकलेली धूळ पाहावी.

रात्रभर प्राइम९५ पास झाले आणि सकाळी नुसता व्हिडिओ पाहताना मशीन बंद पडले, ही तक्रार रायझन वापरणाऱ्यांकडून नेहमी ऐकू येते. ती खोटी नसते. सगळे कोअर कामात असताना प्रोसेसर वेग खाली ठेवतो. हलक्या कामात मात्र एखादाच कोअर सर्वांत वरच्या वेगाला जातो. ‘कर्व्ह ऑप्टिमायझर’मधून व्होल्टेज फार कमी केलेले असेल, तर नेमके तेव्हाच ते अपुरे पडते. अशा वेळी कोअरसायकलर हे साधन एकेका कोअरची वेगळी परीक्षा घेते. जो कोअर नापास होईल, तेवढ्याचाच आकडा कमी करावा.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हीया-लॉगर’ या नावाने नोंदी दिसत असतील, तर हार्डवेअरने स्वतःच चूक कळवली आहे असे समजावे, मशीन चालू राहिले असले तरी. याउलट ‘कर्नल-पॉवर ४१’ या नोंदीचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकून कारण विचारण्यात काही हशील नाही. मशीन रीतसर बंद झाले नव्हते, एवढेच ती सांगते. वायर ओढली तरी ती येते.

ग्राफिक्स कार्डाचा दोष असेल, तर बहुधा स्क्रीनवर ठिपके किंवा रंगीत चौकोन दिसतात, नाहीतर ड्रायव्हर बंद पडून पुन्हा सुरू झाल्याचा संदेश येतो. कार्डाच्या मेमरीचा वेग आधी उतरवून पाहावा. आणि निळी स्क्रीन न येता, खटका बंद केल्यासारखे मशीन भर गेममध्ये विझत असेल, तर संशय एसएमपीएसवर घ्यावा. वाढलेल्या वेगाला लागणारी वीज तो पुरवू शकत नाही आणि स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो.

ऋतूचाही विचार करावा लागतो. खोलीचे तापमान जितके चढते, साधारण तितकेच प्रोसेसरचेही चढते. नागपूर-अकोल्याकडे जानेवारीत पास झालेले सेटिंग मे महिन्यात पंधरा अंश जास्त गरम खोलीत टिकेलच असे नाही. चाचणी दुपारी, कॅबिनेटचे झाकण लावून घ्यावी.

मूळ वेगावरही बंद पडत असेल तर?

इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरचे, विशेषतः आय९ १३९००के आणि १४९००के यांचे प्रकरण इथे माहीत असायला हवे. अनेकांना गेममध्ये ‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी’ असा संदेश येत होता. महागडी ग्राफिक्स कार्डे असतानाही येत होता, त्यामुळे संशय कार्डावर जाणे साहजिक होते. दोष मात्र प्रोसेसरमध्ये होता. गेमच्या दाबून ठेवलेल्या फायली उलगडताना त्याचे गणित चुकत होते आणि ड्रायव्हर, गेम वगैरे त्याचा अर्थ आपापल्या परीने लावत होते. प्रोसेसरचा वेग थोडा उतरवला, की पुष्कळांचा तोच गेम चालू होई. ही खूण कुठल्याही मशीनवर उपयोगी आहे : मूळ वेगापेक्षा एकदोन पायऱ्या खाली आल्यावर त्रास थांबला, तर नवे ग्राफिक्स कार्ड घेण्याची घाई करू नये.

प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्यामुळे त्यातले एक सर्किट लवकर झिजत होते, असे इंटेलने २०२४ मध्ये जाहीर केले. काही मदरबोर्डांच्या मूळ सेटिंगमध्येही विजेच्या मर्यादा सैल सोडलेल्या होत्या. म्हणजे मालकाने काही न करताही प्रोसेसर ताणला जात होता. ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४ मध्ये बायोसमधून दुरुस्त मायक्रोकोड देण्यात आला. तो पुढची झीज रोखण्यासाठी आहे. झिजलेली चिप त्याने पूर्ववत होत नाही.

अशा प्रोसेसरची खोक्यासह घेतलेल्यांची वॉरंटी इंटेलने ३ वरून ५ वर्षे केली आहे. तयार कॉम्प्युटर घेतला असेल, तर दावा त्या कंपनीकडे करावा लागतो. दावा करण्याआधी बायोस अद्ययावत करून, सगळे मूळ सेटिंगवर आणि रॅमचे प्रोफाइल बंद ठेवून चाचणी घ्यावी, निकालाचे फोटो काढावेत आणि खरेदीचे बिल शोधून ठेवावे.