कमवा आणि शिका योजना
विद्यार्थ्याने श्रम करून स्वतःच्या शिक्षणाचा व राहण्या-जेवणाचा खर्च भागविण्याची पद्धती. महाराष्ट्रात ती कर्मवीर भाऊराव पाटील (१८८७–१९५९) यांनी रुजविली. त्यांनी १९१९ मध्ये काले (ता. कराड) येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ मध्ये संस्थेचे केंद्र साताऱ्यास हलले व तेथे सर्व जातींच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह निघाले (पहा : छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस). १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे नामकरण झाले.

वसतिगृहातील मुले शेतात खपत, पाणी भरत, स्वयंपाक करीत आणि एकाच पंक्तीत जेवत. पैशाइतकाच पंक्तीचा हेतू महत्त्वाचा होता, हे येथे नोंदविले पाहिजे. १९४७ मध्ये साताऱ्यात निघालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयाने हीच पद्धती उच्च शिक्षणात आणली. आज महाविद्यालयांत ग्रंथालय, कार्यालय, बाग अशा ठिकाणी तासांवर काम देऊन मानधन दिले जाते. शिष्यवृत्तीप्रमाणे हे मानधन गुणांवर ठरत नाही. योजनेत नोकरीची हमी नसते. या योजनेहून वेगळी अशी उद्योगातील प्रशिक्षणाची तरतूद शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ मध्ये आहे (पहा : औद्योगिक प्रशिक्षण संस्था). सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची अशी योजना भाऊरावांच्याच नावाने चालते.