मल्लाची तसबीर

करवीर संस्थानची अधिकारसूत्रे १८९४ साली शाहू छत्रपतींच्या हाती आली आणि मल्लविद्येला असा राजाश्रय लाभला, की खेड्यापाड्यांतले होतकरू पोरगे खुराकाची भ्रांत सोडून कोल्हापूरच्या तालमींची वाट धरू लागले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. १९१२ साली उभ्या राहिलेल्या खासबाग मैदानाची महतीही पुष्कळांनी गायिली आहे. परंतु नुकती मिसरूड फुटलेला, पहिल्या मोठ्या कुस्तीत नाव कमावलेला एखादा मल्ल फेटा बांधून, खांद्यावर गदा घेऊन छायाचित्रकारासमोर उभा राही, तेव्हा त्याच्या तसबिरीवर शिसपेन्सिल घेऊन बसणाऱ्या कारागिराच्या कसबाची नोंद क्वचितच कोणी केली आहे. आणि तालमीच्या भिंतीवर मारुतीच्या शेजारी टांगलेल्या त्या तसबिरींचे निम्मे श्रेय, माझ्या मते, त्या अनामिक कारागिराचे आहे.

या कारागिराच्या गरजेचे मूळ छायाचित्र टिपणाऱ्या त्या काळच्या काचेतच होते. रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज वैद्याने १८७१ साली जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली आणि आधी वापरात असलेल्या ओल्या काचेची दगदग हळूहळू संपली. तथापि या काचेत एक मोठे वैगुण्य होते. निळा प्रकाश ती तत्काळ टिपी, तांबड्याला मात्र जवळजवळ आंधळी असे. परिणामी कोवळ्या वयातल्या चेहऱ्यावरच्या तारुण्यपीटिका, उन्हाने रापलेली कातडी, घर्षणाने लाल झालेले खांदे, हे सारे प्रत्यक्षाहून कितीतरी काळे उमटे. आखाड्याच्या तांबड्या मातीने माखलेला देह डोळ्यांना कितीही शोभिवंत दिसला, तरी काचेवर तो निव्वळ काळवंडून जाई. म्हणून अंग धुऊन, त्यावर तेलाचा हलका हात फिरवून, एका बाजूने येणाऱ्या प्रकाशात मल्लाला उभे करणे श्रेयस्कर ठरे. समोरून पडलेला उजेड छाती आणि दंड यांचे उंचसखल सपाट करून टाकतो, तर कडेचा उजेड प्रत्येक स्नायूला त्याची सावली मिळवून देतो.

एवढे करूनही उरलेले काम पेन्सिलीचे असे. म्युनिकच्या हान्फस्टेंगल या छायाचित्रकाराने दुरुस्त केलेली काच १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडली, तेव्हापासून हे तंत्र युरोपात रूढ झाले आणि पुढे आपल्याकडेही आले. तिरप्या चौकटीत काच बसवायची, खालच्या आरशाने तिच्यातून उजेड वर फेकायचा, शिसे धरावे म्हणून तिच्यावर पातळ रोगण चोळायचे आणि सुईसारखे टोक काढलेल्या पेन्सिलीने ठिपक्याला ठिपका जोडीत बसायचे. काचेवर सर्व उलटे असते: चेहऱ्यावरचा काळा डाग तिथे पारदर्शक दिसतो, तो शिशाने भरला की छापात उजळतो, उलट, पातीने थर खरवडला की तेवढी जागा छापात गडद होते. या दोन साधनांच्या बळावर कंबर बारीक करता येई, दंड फुगवता येई, आणि गिऱ्हाइकाची खुशामत करण्याचा मोह आवरणे हीच कारागिराची खरी परीक्षा होती.

ज्या कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांच्यासारखे कलावंत नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवीत होते, तिथे चित्रदृष्टीची वाण नव्हती. म्हणून तिथल्या तसबिरीला निकष कडकच लावावा, आणि तो मी एकाच अवयवावर लावतो: कानावर. वर्षानुवर्षे प्रतिस्पर्ध्याच्या डोक्याशी घासून चेपलेले, गाठाळलेले कान हे पैलवानाने मेहनतीने मिळवलेले असतात. मुरूम चार दिवसांचा पाहुणा, तो पुसला तर बिघडत नाही. पण ज्याने गालाबरोबर कानही गुळगुळीत केला, त्याने एका मल्लाला कोणाही श्रीमंताच्या पोराच्या रांगेत नेऊन बसवले. ही चूक मला अक्षम्य वाटते.

पुढे तांबडा रंगही टिपणाऱ्या फिल्मा आल्या, आणि छपाईचे ठसे जाडेभरडे उठत म्हणून वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत छापील प्रतीवरच पांढऱ्या-करड्या रंगाची कुंची फिरू लागली. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकले, तोवर मल्लाची कीर्ती तालमीच्या भिंतीवरून वर्तमानपत्राच्या पानावर पोहोचली होती.

तालमींच्या वस्तादांना आणि जुन्या स्टुडिओंच्या वारसांना माझी विनंती एवढीच, की भिंतीवरच्या तसबिरी नव्याने उजळून घेताना मूळ काच वा प्रत फेकू नये, तिच्यावरचे पेन्सिलीचे काम पुसू नये, आणि मागील बाजूस मल्लाचे नाव, गाव व साल आजच लिहून ठेवावे. कारण ते सांगू शकणारी माणसे आता थोडी उरली आहेत.