चांदीची आगगाडी

ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात भोजनाच्या मेजावर माधवराव शिंदे यांच्या हौसेची चांदीची आगगाडी आहे. डब्यांत मद्याच्या सुरया नि चिरूट. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी थांबे, परत ठेवली की चालू लागे. याच महाराजांनी राज्यात दोन फुटी रुळांची खरी गाडीही सुरू केली. त्यांपैकी ग्वाल्हेर-श्योपूर मार्गावरची गाडी २०२० साली थांबली. मेजावरची उरली.

ती चालवावी की जपावी? जपा म्हणणाऱ्यांचे अगदीच चुकत नाही. विजेच्या छोट्या गाड्यांत चाक नि रूळ एकमेकांवर घासतात; सोन्याचांदीचा मुलामा असला तर आधी तो जातो. पण नुसती ठेवली तरी वंगण थिजते, चांदी काळवंडते, आणि दुरुस्तीची विद्या कारागिराबरोबर जाते. आम्हां कामगार चळवळीतल्यांना हे नुकसान मोठे वाटते. आपल्या कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी १९९८ साली छोट्या रेल्वेचे संग्रहालय उघडले. तेथे गाड्या लोकांसमोर धावतात. धावणारी गाडी बिघडणारच, म्हणून दुरुस्त करणाराही लागतो. चांदीची गाडी रोज फिरवू नये हे खरे. पण वर्षातून एकदा, जाणत्या कारागिराच्या देखत, ती जरूर चालवावी, आणि शिकाऊ पोरांना जवळ उभे करावे. सुरया रिकाम्या असल्या तरी चालतील.