१२ ऑक्टोबर : कॅम्प हेल राष्ट्रीय स्मारक झाले

अमेरिकेतील कोलोरॅडोच्या डोंगरांत दुसऱ्या महायुद्धात उभारलेल्या कॅम्प हेल या लष्करी प्रशिक्षण तळाला २०२२ मध्ये आजच्या दिवशी राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला.

समुद्रसपाटीपासून सुमारे ९,२०० फुटांवर १९४२ मध्ये अवघ्या काही महिन्यांत सुमारे १५ हजार सैनिकांची ही छावणी वसली. त्यासाठी ईगल नदीचा प्रवाहही वळवून सरळ करण्यात आला. बर्फावर घसरत जाणे, कडे चढणे, कडाक्याच्या थंडीत उघड्यावर रात्र काढणे हे इथले धडे. रेल्वे इंजिनांचा आणि कोळशाच्या शेगड्यांचा धूर दरीत कोंडून राही आणि जवान खोकून खोकून बेजार होत.

या मेहनतीचे चीज इटलीत झाले. १८ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री इथे तयार झालेल्या दहाव्या माउंटन डिव्हिजनच्या जवानांनी रीवा रिजचे उभे कडे अंधारात चढून जर्मनांना बेसावध गाठले. सैनिकी इतिहासातला हा खरोखर थक्क करणारा पराक्रम!

या तळाचा दुसरा अध्याय भारताच्या शेजारचा. १९५९ ते १९६४ या काळात सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेने इथे तिबेटी लढवय्यांना चीनविरुद्धच्या गनिमी युद्धाचे गुप्त प्रशिक्षण दिले. त्यांच्या स्मरणार्थ इथे फलक लागायला मात्र २०१० साल उजाडले.